गवताची साय होते कशी?

दोस्तांनो, दुधावरची जाड साय बोटानं ओढून खायला मजा येते ना? मग हे कोडं सोडवा! गाय कधी तूप खात नाही. लोणीही खात नाही. मग तिच्या दुधात साय येते कुठून?

चला राहात्याला! अहिल्यानगर जिल्ह्यातलं हे पेरूंचं गाव. पहाटे गोठ्यात डोकावा. गव्हाणीत काय काय आहे बघा! मक्याची कुट्टी, कडबा, हिरवागार घास. ऊसतोड चालू असेल, तर उसाचं वाढंसुद्धा! जवळच प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना आहे. १९५० सालापासून तो इथला ऊस गाळतोय. साखर आपल्या चहात, हिरवा शेंडा गाईच्या तोंडात!

आता खरी गंमत. गाईच्या पोटाला चार कप्पे असतात. सगळ्यात मोठ्या कप्प्यात १०० लिटरपेक्षा जास्त मावतं. केवढं मोठं पिंप! त्यातला औषधाच्या चमच्याएवढा रस घ्या. त्यात सगळ्या जगातल्या माणसांपेक्षा जास्त सूक्ष्मजीव असतात. बाप रे!

ते चारा आंबवतात. आई इडलीचं पीठ आंबवते ना, तस्संच! चाऱ्याच्या चिवट धाग्यांतून एक आंबट पदार्थ निघतो. ओळखा पाहू! नूडल्सवर शिंपडतात त्या व्हिनेगरमधलं आम्ल!

हे आम्ल रक्तातून कासेत पोचतं. कास त्याचे इवले तुकडे मण्यांसारखे ओवते. झाली स्निग्धतेची, म्हणजे सायीतल्या फॅटची, माळ! दुधातली जवळजवळ अर्धी स्निग्धता अशीच बनते. आंबटापासून साय, आहे की नाही जादू?

म्हणून तर भरडा फार झाला आणि कडबा कमी पडला, की डेअरीच्या मशीनवर फॅटचा आकडा उतरतो! धागे नाहीत, तर मणी कुठून येणार?

उरलेल्या माळा कुठून येतात? चाऱ्यातल्या तेलातून आणि गाईच्या अंगातल्या चरबीतून. माळा दोन तऱ्हेच्या असतात. सरळ माळा प्रार्थनेच्या रांगेतल्या मुलांसारख्या चिकटून उभ्या राहतात. मग लोणी घट्ट! वाकड्या माळा म्हणजे कोपरं बाहेर काढलेली मुलं. रांग सैल, लोणी मऊ! आपल्या हृदयाला या वाकड्या माळा जास्त मानवतात.

हिरव्या चाऱ्यात आणि जवसात वाकड्या माळा भरपूर असतात. पण पोटातले सूक्ष्मजीव काय करतात माहितेय? इस्त्री फिरवावी तशा त्या सरळ करून टाकतात! थोड्याच माळा निसटून दुधात पोचतात. हिरवा चारा किंवा जवस वाढवलं, की निसटणाऱ्या माळाही वाढतात. शास्त्रज्ञांनी गाईंना जवस खाऊ घालून हे पाहिलंय. लोणी खरंच मऊ झालं! मात्र जवस मोजूनच द्यायचं. तेल फार झालं, तर सूक्ष्मजीवांचं कामच थंडावतं.

आता तुमची पाळी! घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घ्या. ओळखीच्या, गरीब गाईच्या डाव्या कुशीला हळूच कान लावा. मिनिटभर थांबा. गुडगुड… गुडगुड… ऐकू आलं? आत उद्याची साय तयार होतेय!