मुखाच्या कर्करोगाची 'अवस्था'

गतवर्षीं माझ्या धाकट्या बंधूच्या खालच्या हिरडीवरील व्रण भरेना. तपासणीअंतीं तो कर्करोग ठरला. "चौथी अवस्था" हे दोन शब्द घरीं पोहोंचतांच माजघरांत रडारड सुरू झाली. चार आश्रमांतील चौथा अखेरचा, तसेंच हेंहि, असें आम्हीं सर्वांनीं धरलें. तो समज चुकीचा होता. म्हणून हा लेखनप्रपंच.

ही अवस्था तीन अक्षरांवरून ठरते. 'टी' म्हणजे मूळ अर्बुद, 'एन' म्हणजे मानेंतील लसिकाग्रंथी, आणि 'एम' म्हणजे फुफ्फुसादि दूरच्या अवयवांतील प्रसार. फ्रेंच शस्त्रवैद्य पिएर दनुआ यांनीं १९४३ ते १९५२ या काळांत ही पद्धति रचली. पूर्वीं अर्बुदाचा विस्तारच मुख्यतः मोजीत. २०१७ च्या आठव्या आवृत्तीपासून खोलीहि मोजतात. दोन सेंटिमीटरांचें लहानसें अर्बुदहि पांच मिलिमीटरांहून खोल गेलें असल्यास 'टी-१' राहत नाहीं.

बंधूचा रोग जबड्याच्या हाडांत खोल शिरला होता. तेवढ्यानेंच तो चौथ्या अवस्थेचा ठरला. मानेंत वा फुफ्फुसांत कांहीं आढळलें नव्हतें. चौथ्या अवस्थेचे तीन पोटभेद आहेत. दूरवरचा प्रसार हें त्यांतील शेवटच्याचें लक्षण. बंधूचा रोग पहिल्या भेदांतला, शस्त्रक्रियेस योग्य होता. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचारहि झाले. आज तो मऊ भात जेवतो आणि नातवास रूपावली पढवितो.

परंतु या मापनासहि मर्यादा आहेत. शस्त्रक्रियेपूर्वींची अवस्था हा चांचपून व चित्रें काढून केलेला अंदाज; काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्यावर तो बदलूं शकतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचा २०१५ सालीं प्रसिद्ध झालेला प्रयोग येथें बोलका आहे. रोग आरंभींचा, मानेंत गांठ आढळत नाहीं, अशा रुग्णांपैकीं कांहींच्या ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेंत काढल्या. इतरांच्या, पुढें गांठ दिसल्यावर. तीन वर्षांनीं पहिल्यांपैकीं शेंकडा ८०, तर दुसऱ्यांपैकीं शेंकडा ६७.५ हयात होते. निर्मळ वाटलेली मान कित्येकांच्या बाबतींत निर्मळ नव्हती.

शिवाय रोग्याचें वय, पोषण व बळ यांस त्या अंकांत स्थान नाहीं. आणि शेंकडेवारी समुदायाची असते. वर्गाच्या निकालावरून एका विद्यार्थ्याचे गुण सांगतां येत नाहींत.

म्हणून "अवस्था कितवी?" एवढेंच विचारून थांबूं नये. "ती कशामुळें ठरली? शस्त्रक्रियेनंतर बदलेल काय?" हेंहि विचारावें. तो अंक वाढूं न देणें मात्र पुष्कळदां आपल्या हातीं असतें: तोंडांतील व्रण तीन आठवड्यांत न भरल्यास तो डॉक्टरांस दाखवावा.