वर्गणीची पावती आणि पाण्याची पावती

वरणगावच्या आयुधनिर्माणीत तीस-पस्तीस वर्षे घाम गाळलेल्या माणसाला घराचा कारभार म्हणजे काय हे निवृत्त होईपर्यंत कळत नाही. इस्टेटच्या क्वार्टरमध्ये दिवा गेला, नळ गळू लागला, गटार तुंबली की तक्रारवहीत लिहायचे. पुढचे प्रशासन बघून घेणार. निवृत्तीचे पैसे हाती येतात, माणूस एखाद्या कॉलनीत प्लॉट घेऊन घर बांधतो आणि पहिल्याच उन्हाळ्यात त्याच्या लक्षात येते की इथे तक्रारवही नाही. तापीवरचे हतनूर धरण जवळ असले तरी कॉलनीच्या बोअरची मोटार जळाली की घरात थेंब नाही. ती मोटार कोणी दुरुस्त करायची? रस्त्यावरच्या दिव्याचे बिल कोणी भरायचे? ज्याला आपण सोसायटी म्हणतो तिने. आणि सोसायटी म्हणजे कोण, तर आपणच.

परंतु आमचा समाज तिथे नसतो, हे आम्हांला खेदाने लिहावे लागत आहे.

अशाच एका कॉलनीतले धम्मबांधव मागील पावसाळ्यात आमच्याकडे आले. चाळीसेक प्लॉट, त्यात आपली आठ घरे. सोसायटी रीतसर नोंदणी झालेली. दर महिन्याला पाणी, वीज आणि झाडलोटीचे पैसे गोळा होत. एका वर्षी समितीने त्याच पावतीवर गणेशोत्सवाची वर्गणीही छापली. आपल्या आठही घरांनी ती द्यायला नकार दिला. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने गणपतीची वर्गणी का द्यावी? इथपर्यंत सारे योग्यच होते. पण वर्गणीसोबत त्यांनी पाण्याचे पैसेही बंद केले. "वकीलसाहेब, एक रुपया दिला नाही आम्ही. बरोबर केलं ना?" त्यांच्या स्वरात अभिमान होता.

आम्ही त्यांना विचारले, नोटीस आली होती का? आली होती. उत्तर दिले का? नाही. मग निवडणूक लागली तेव्हा काय झाले? तेव्हा ते गप्प झाले.

झाले ते असे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे मागणीची नोटीस मिळूनही जो सभासद मुदतीत संस्थेचे पैसे भरत नाही तो थकबाकीदार ठरतो, आणि थकबाकीदाराला समितीवर निवडून येता येत नाही. सोसायटीच्या समितीत अनुसूचित जाती-जमातींसाठी एक जागा राखीव असते. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांच्या अनुसूचित जातीतील समावेशाबद्दल केंद्राच्या पातळीवरही शंका उरलेली नाही, म्हणजे ती जागा आपल्या माणसाची होती. पण आठही घरे थकबाकीत. अर्ज कोण भरणार? जागा रिकामी राहिली आणि उरलेल्या समितीने कारभार सुरू केला. वर्गणी पुन्हा पावतीवर आली. आता विरोध नोंदवायलाही आत कोणी नाही. विरोधकांना काही करावे लागले नाही. आमच्याच लोकांनी स्वतःच्या हाताने दार लावून घेतले.

करायला काय हवे होते? पाण्याचे, विजेचे, झाडलोटीचे पैसे शेवटच्या पैशापर्यंत भरायचे, शक्यतो चेकने, आणि सोबत पत्र द्यायचे की ही रक्कम अमुक बाबींची आहे, वर्गणी आम्ही देत नाही. सोसायटीने कोणत्या बाबींसाठी आकार घ्यायचा हे उपविधीत लिहिलेले असते, त्यात देवाचे नाव नाही. वर्गणी ही ऐच्छिकच. इतके करूनही समिती थकबाकी दाखवत असेल तर सहकार खात्याच्या उपनिबंधक किंवा सहायक निबंधक कार्यालयात लेखी तक्रार करता येते. ताळेबंद आणि सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त पाहणे हा तर कोणत्याही सभासदाचा हक्क आहे. त्यासाठी समितीवर असावेही लागत नाही. पण त्या आठ घरांतील एकानेही इतिवृत्ताची वही कधी पाहिली नव्हती. वार्षिक सभेला कोणी जात नसे. "तिथं त्यांचंच चालतं." अहो, आपण नसल्यावर त्यांचेच चालणार! गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब करतात, आणि तहकूब सभा पुन्हा भरली की गणपूर्तीची अट उरत नाही. हजर असलेल्या दहा जणांनी केलेला ठराव चाळीस घरांना लागू होतो.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत सांगितले की भिक्खू संघाला सभेचे नियम ठाऊक होते: बसण्याची व्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान. हे भाषण आपल्याकडे दरवर्षी संविधान दिनाला उद्धृत होते. सोसायटीच्या सभेची नोटीस आली की मात्र कोणाला ते आठवत नाही.

विनयपिटकातली एक हकिकत तर आजच्या कुठल्याही सोसायटीला लागू पडावी. राजगृहाला येणाऱ्या भिक्खूंना राहण्याच्या जागा वाटून देण्याचे काम संघाने दब्ब मल्लपुत्त यांच्यावर रीतसर सोपवले होते. अशा अधिकाऱ्याने आवड, द्वेष, मोह आणि भय या चारींपायी पक्षपात करू नये आणि कोणती जागा दिली, कोणती राहिली याची माहिती ठेवावी, अशी अट होती. दब्ब चोख काम करीत. तरी काही भिक्खूंना आपल्या वाट्याला नेहमी हलकी जागा येते असे वाटले आणि त्यांनी दब्बांवर खोटा आरोप घडवून आणला. बुद्धांनी दब्बांना हटवले नाही की तक्रारदारांना ऐकून घेण्याचे नाकारले नाही. संघासमोर चौकशी झाली, विचारपूस झाली आणि आरोप खोटा ठरला. अडीच हजार वर्षांपूर्वी हे होऊ शकते, तर कॉलनीच्या सचिवाचा हिशेब सभेत मागायला आम्हांला संकोच का वाटावा?

एक कडू गोष्टही लिहितो, रागावू नये. त्याच कॉलनीत मोकळ्या जागेवर मंदिर बांधण्याची हालचाल सुरू झाली तेव्हा आपल्यापैकी काहींनी सुचवले, "त्यांचं मंदिर, तर आपलाही पुतळा बसवू." मंजूर आराखड्यातली मोकळी जागा सगळ्या घरांची असते. तिथे मंदिराला विरोध करायचा तर आपला चौथराही तिथे उभा राहू शकत नाही. १४ एप्रिलला शेजाऱ्याच्या दारात पावतीपुस्तक घेऊन जाताना त्यालाही 'नाही' म्हणण्याची तितकीच मोकळीक आहे, हेही ध्यानात असू द्यावे. आमच्या कित्येक विहार समित्यांच्या हिशेबवह्या आम्ही पाहिल्या आहेत. त्यावर पुन्हा कधीतरी.

घराचा प्रश्न आपल्यासाठी साधा कधीच नव्हता. १९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना पारशी नावाने पारशांच्या मुक्कामगृहात राहावे लागले, आणि जात कळताच लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेला सभासदत्व फक्त पारशांपुरते ठेवणारी उपविधी चालू ठेवू दिली. तो निकाल गुजरातच्या कायद्यावरचा आहे; आपल्याकडच्या कायद्यात पुरेशा कारणावाचून सभासदत्व नाकारता येत नाही असे कलम आहे. पण कलम असून भागत नाही. सभासद झाल्यावरही माणसाला पावतीच्या एका ओळीवरून बाहेर ठेवता येते, हे वरणगावच्या आठ घरांनी पाहिले.

त्या आठ घरांपैकी एका घरातील ताईंनी आता काम हाती घेतले आहे. बचतगटाचा हिशेब त्यांनी अनेक वर्षे ठेवला आहे. घर पती-पत्नी दोघांच्या नावावर, आणि सभासद म्हणून पहिले नाव त्यांचेच. त्यांनी आठही घरांची पाणी-विजेची थकबाकी काढली, वर्गणी वजा करून चेक लिहायला लावले आणि इतिवृत्त पाहण्यासाठी अर्ज केला. सचिवांनी अर्ज हातात घेतला नाही. ताईंनी तो स्पीड पोस्टाने पाठवला. पोच घरी आली आहे. वार्षिक सभा सप्टेंबरअखेर आहे आणि आठही घरांतून माणसे येणार, असे त्यांनी आम्हांला फोनवर सांगितले.