गोधडीचें कापड : स्वस्त कसें मिळवावें

जुन्या वस्त्रांचे थर एकावर एक घालून, टाक्यांनीं एकजीव करून पांघरूण तयार करण्याची कला आपल्या प्रांतांत फार जुनी आहे. कोठें तीस गोधडी म्हणतात, कोठें वाकळ, तर कर्नाटकाच्या सीमेकडे कौदी. बंगालची कांथा व बिहारची सुजनी या तिच्याच बहिणी होत. गाडगे महाराजांस (१८७६–१९५६) लोक गोधडे महाराज म्हणत, तें त्यांच्या अंगावरील ठिगळांच्या वस्त्रामुळेंच. अशा या परिचित वस्तूविषयीं आज लिहावयाचें कारण असें कीं, ती शिवूं इच्छिणाऱ्या घरांपुढें एक नवीच अडचण उभी राहिली आहे.

पूर्वी गोधडीसाठीं कापड विकत आणण्याचा प्रश्नच नव्हता. बोनकोडे व आसपासचे गांव भातशेतीचे होते, तेव्हां घरोघरीं सुती लुगडीं नेसत. लुगडें विरलें म्हणजे तें गोधडींत जाई. पुढें १९७० साली सिडकोची स्थापना झाली, शेतें गेलीं, नगर वसलें, आणि त्याच काळांत कपाटांत सुती लुगड्यांच्या जागीं कृत्रिम धाग्यांच्या साड्या आल्या. त्या टिकाऊ खऱ्या, परंतु घाम शोषीत नाहींत, आणि निसरड्या असल्यामुळें थर एका जागीं राहत नाहींत. मग हौशी मनुष्य दुकानांत जाऊन मीटरवर नवें कापड घेतो, आणि घरची गोधडी बाजारच्या ब्लँकेटाहून महाग पडते. असें दोनदां झालें म्हणजे आजी सुई ठेवून देते, आणि तिच्या हातांतील टाका नातवंडांपर्यंत पोहोंचत नाहीं. हें नुकसान पैशाच्या नुकसानीहून मोठें आहे. म्हणून कापड थोडक्या खर्चांत कसें मिळवावें, याचा विचार आपण क्रमानें करूं.

प्रथम हिशेब. एका मोठ्या माणसाच्या गोधडीची लांबी २.१ मीटर व रुंदी १.४ मीटर धरली, तर तिचें क्षेत्रफळ सुमारें ३ चौरस मीटर होतें. तीन थर घातले तर ९ चौरस मीटर कापड लागेल. सदऱ्याच्या साधारण सुती कापडाचें वजन चौरस मीटरास सुमारें १२० ग्रॅम असतें. म्हणजे एकंदर कापड एक किलोहून किंचित् अधिक झालें. हा आंकडा ध्यानांत असला म्हणजे किलोवर मिळणारें कातरण किती घ्यावें, हें दुकानदारास विचारावें लागत नाहीं.

भावही असाच ताडून पाहावा. समजा, कातरण ८० रुपये किलो आहे. तर चौरस मीटरास ९ रुपये ६० पैसे पडले. परंतु त्यांतील चौथा हिस्सा निरुपयोगी निघाला, तर खरा भाव १२ रुपये ८० पैसे झाला. त्यांत गाडीभाडें मिळवून मगच नव्या कापडाशीं तुलना करावी.

लहान तुकड्यांचा मोह फार धरूं नये. प्रत्येक बाजूस पाव इंच शिवणींत जातो. सहा इंचांचा चौकोन शिवल्यावर साडेपांच इंचांचा उरतो व कापडाचा सुमारें सहावा हिस्सा शिवणींत जातो. चार इंचांच्या चौकोनांत जवळजवळ चौथा हिस्सा जातो, आणि तीन इंचांच्या चौकोनांत तर शंभरांतील तीस भाग जातात! बारीक तुकडे फुकट मिळाले तर उत्तम. विकत घ्यावयाचे झाल्यास मोठेच घ्यावेत. याउलट, घरांत एखादें नऊवारी सुती लुगडें असेल तर तें सोनें समजावें. त्याची लांबी सुमारें सव्वाआठ मीटर. त्याच्या चार घड्या घातल्या कीं एका माणसापुरती, दोन मीटरांहून किंचित् लांब अशी चार थरांची गोधडी न कापतां तयार होते.

आतां कापड शोधावें कोठें? पहिलें ठिकाण अर्थात् आपलें घर. जुन्या चादरी, पंचे, धोतरें, सुती सदरे, अभ्रे हीं सर्व उपयोगी आहेत. हीं बोहारणीस देऊन त्यांवर एखादें भांडें घेण्यापूर्वीं तीं निवडून पाहावीं. दुसरें ठिकाण शेजारचा शिंपी. पोलक्याच्या व सदऱ्याच्या बेतणींतून उरलेलें कातरण तो बहुधा टाकूनच देतो. आठवड्यास एक पिशवी त्याच्याकडे ठेवून आली तर वर्षाअखेर गोधडीचा वरचा थर सहज भरतो.

तिसरें ठिकाण मुंबईचा बाजार. बोनकोड्यास कोपरखैरणें स्थानक जवळ आहे. तेथून वाशीस गाडी बदलून मशीद अथवा छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस येथें उतरलें कीं मंगळदास मार्केट पायीं जाण्याच्या अंतरावर आहे. तेथें ठाणाच्या शेवटीं उरलेले तुकडे मागून घ्यावेत. त्यांत दोष नसतो, केवळ लांबी कमी असते. गिरण्या चालू असतांना असले तुकडे व चिंध्या निराळ्या काढून विकल्या जात. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर बहुतेक गिरण्या हळूहळू बंद पडल्या व तो स्वस्त झराही आटला. चौथें ठिकाण ठाण्याच्या पलीकडे. भिवंडीस यंत्रमागांवर कोरें कापड निघतें. मागल्या बाजूस घालण्यास असलें कापड किंवा साधा मांजरपाट पुरेसा आहे. उल्हासनगरास तयार कपडे शिवण्याचा धंदा मोठा असल्यामुळें तेथें कातरण निघतें. मात्र जीन्सच्या जाड कापडांतून हातसुई जात नाहीं. त्याचीं पायपुसणीं करावींत.

विकत घेतलेलें कापड खरोखर सुती आहे कीं नाहीं, हें ओळखणें सोपें आहे. एक धागा चिमट्यांत धरून पेटवावा. तो कागदासारखा वास येऊन जळाला व मऊ राख उरली तर कापूस. वितळून कठीण मणी झाला तर कृत्रिम धागा. ही परीक्षा मुलांनीं वडील मंडळींच्या देखतच करावी. रंगाच्या परीक्षेसाठीं ओलें पांढरें फडकें कापडावर घांसावें. रंग फडक्यास लागल्यास तें कापड वेगळें ठेवावें. मिठाच्या पाण्यांत बुडवून सुटणारा रंग पक्का होतो, ही समजूत खरी नव्हे. मीठ रंगविण्याच्या वेळीं उपयोगी पडतें, मागाहून नाहीं.

सर्व नवें कापड शिवण्यापूर्वीं धुवून वाळवावें. कोऱ्या कापडांत खळ असते, व तें पहिल्या धुण्यांतच आटतें. कोऱ्या कापडाचें ठिगळ जुन्या वस्त्रास लाविलें असतां फाटा अधिकच वाढतो, हा शुभवर्तमानांतील दाखला आपणांस ठाऊक आहे. तो दृष्टांतापुरता नसून शिवणकामाचा प्रत्यक्ष नियम आहे.

इतर साहित्य थोडेंच. लांब सुई, बोटास अंगुस्तान, जाड सुती दोरा व त्यास ओढावयास मेणाचा लहानसा खडा. मेणामुळें दोरा गुंतत नाहीं. थर सपाट जमिनीवर पसरून आधीं मोठे कच्चे टाके घालावेत, म्हणजे सुरकुती पडत नाहीं. नंतर बोटभर अंतरावर धावदोऱ्याच्या ओळी घ्याव्यात, आणि कडेस जुन्या साडीचा काठ गोट म्हणून लावावा. तो फुकटही आहे व मजबूतही.

कोणी मुलें वाकळ म्हणजे गरिबीची खूण समजून लाजतात. त्यांनीं दोन उदाहरणें ऐकावींत. उत्तर कन्नड जिल्ह्यांतील सिद्दी स्त्रिया जुन्या कपड्यांच्या कवंदी शिवतात. त्या कडेपासून मध्याकडे टाके घालीत जातात, आणि चारही कोपऱ्यांस कापडाचें फूल लावल्याखेरीज काम पुरें झालें असें मानीत नाहींत. अमेरिकेंत अलाबामा राज्यांतील जीज बेंड या खेड्याच्या कृष्णवर्णीय स्त्रियांनीं कामाच्या फाटक्या कपड्यांपासून गोधड्या केल्या. २००२ सालीं त्या मोठ्या संग्रहालयांत मांडल्या गेल्या आणि जाणत्या लोकांनीं त्यांस कलेचा मान दिला. दोन्हीकडे कापड टाकाऊच होतें. मोल होतें तें निवडीचें व हाताचें.

पालकांस आमची एवढीच सूचना कीं, येत्या सुटींत आजीस किंवा शेजारच्या एखाद्या वृद्ध बाईस विचारून मुलामुलींस, होय, मुलांसही, एक लहानसें दुपटें शिवावयास बसवावें. त्यास चार हात जुनें कापड पुरें होतें. दुपट्यावर हात बसला म्हणजे मोठी गोधडी कठीण वाटत नाहीं, आणि शिकविणारे हात घरांत आहेत तोंवरच हें शिकून घेतलें पाहिजे.