किर्कब्राइडची ओस दालने

पडक्या वास्तूंची छायाचित्रे काढण्याचा षोक अलीकडे बराच फैलावला आहे, आणि त्यातही अमेरिकेतील ओस पडलेल्या मनोरुग्णालयांचे छायाचित्रकारांना विशेष आकर्षण वाटते. पोपडे सुटलेल्या भिंती, गंजलेल्या खाटा, दुसरे टोक न दिसणारा लांबलचक मार्ग आणि त्यात तिरपा उतरणारा प्रकाश एवढे साहित्य हाती आले की भय आणि विषाद यांचा परिणाम जवळजवळ विनासायास साधतो. आणि इतक्या सहज साधणाऱ्या परिणामाविषयी मी तरी थोडा साशंकच असतो.

या चित्रांत ज्याची वाखाणणी होते तो प्रकाश मुळात रुग्णांसाठी औषध म्हणून योजलेला होता. फिलाडेल्फियाचे डॉक्टर टॉमस स्टोरी किर्कब्राइड यांनी १८५४ साली वेड्यांच्या इस्पितळांची बांधणी आणि व्यवस्था या विषयावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि पुढील काही दशके अमेरिकेतील सरकारी मनोरुग्णालये बव्हंशी त्याच्याच बरहुकूम उभी राहिली. मध्यभागी कचेरी, तिच्या एका बाजूस पुरुषांची व दुसऱ्या बाजूस स्त्रियांची दालने, आणि प्रत्येक दालन आधीच्या दालनापेक्षा काहीसे मागे सरकवलेले, अशा रचनेमुळे सर्वांना दोन्ही अंगांनी हवा आणि ऊन मिळे. शांत रुग्ण मध्याजवळ ठेवीत, तर आरडाओरडा करणारे अगदी टोकाला. एका इस्पितळात २५० पेक्षा अधिक रुग्ण असू नयेत, असा किर्कब्राइड यांचा मूळ आग्रह होता.

सरकारांनी आराखडा उचलला आणि संख्येची अट सोडून दिली. वेस्ट व्हर्जिनियातील वेस्टनचे इस्पितळ २५० रुग्णांसाठी बांधलेले, तेथे १९५० च्या दशकात सुमारे २,४०० माणसे कोंबली होती. १९५५ साली देशभरच्या अशा सरकारी संस्थांतील रुग्णसंख्या साडेपाच लाखांच्या पुढे गेली, आणि तेथून ओहोटी लागली. मनोविकारांवर क्लोरप्रोमाझिन हे औषध आले होते. १९६३ मध्ये रुग्णांवर त्यांच्या वस्तीजवळच उपचार करण्याच्या कायद्यावर अध्यक्ष केनेडी यांनी सही केली. आणि गरिबांच्या उपचारखर्चासाठी निघालेल्या १९६५ च्या मेडिकेड या सरकारी योजनेने मनोरुग्णालयांतील बहुतेक प्रौढांचा खर्च उचलण्याचे नाकारल्यामुळे ती रिकामी करण्यात राज्यांच्या खजिन्याचाही फायदा झाला. त्या कायद्याने योजिलेली उपचारकेंद्रे पुरेशी उभी राहिलीच नाहीत, ही गोष्ट निराळी.

वास्तुविद्येचे शिक्षण घेतलेले छायाचित्रकार ख्रिस्तोफर पेन २००२ पासून सहा वर्षे तीस राज्यांतील सत्तर इस्पितळे हिंडले, आणि २००९ साली त्यांचे ‘असायलम’ हे पुस्तक मज्जाविकारतज्ज्ञ लेखक ऑलिव्हर सॅक्स यांच्या लेखासह निघाले. पेन यांना पडझडीपेक्षा तेथील संसारात अधिक रस होता: शेते, गोठे, शिवणकामाच्या खोल्या, नाट्यगृह, वीजघर, शवागार आणि दफनभूमी असा सारा सरंजाम असलेले ते एकेक स्वयंपूर्ण गावच होते. त्यांच्या एका चित्रात पकिप्सीच्या हडसन रिव्हर इस्पितळातील एक कपाट आहे आणि त्यात रुग्णांचे टूथब्रश ओळीने टांगलेले आहेत. येथे माणसे रोज सकाळी उठून तोंड धूत होती, एवढी साधी गोष्ट हे चित्र सांगते. पोपड्यांची शंभर चित्रे ती सांगू शकत नाहीत.

न्यूयॉर्क राज्यातील विलर्ड येथील संस्था १९९५ मध्ये बंद झाली, तेव्हा माळ्यावर रुग्णांनी भरती होताना आणलेल्या चारशेच्या वर पेट्या सापडल्या. पुढे छायाचित्रकार जॉन क्रिस्पिन यांनी त्या उघडून आतील कपडे, पत्रे, शिवणाचे सामान यांची एकेक करून छायाचित्रे घेतली. मालकांची पूर्ण नावे मात्र राज्याच्या गोपनीयतेच्या नियमांमुळे देता येईनात. रुग्णाची अब्रू राखणारा तोच नियम त्याची ओळखही पुसून टाकतो, हा पेच मला तरी सुटलेला नाही.

छायाचित्रांसाठी अशा वास्तूत शिरण्यापूर्वी रीतसर परवानगी घ्यावी हे सांगावे लागते, कारण प्रश्न केवळ कायद्याचा नसतो; जमिनीच्या फळ्या कुजलेल्या असतात, रंगात शिसे असते, आणि नळांभोवतीच्या ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांत वर्षानुवर्षे राहते.

या वास्तूंचे आयुष्यही आता फारसे उरलेले नाही. न्यू जर्सीतील ग्रेस्टोन मनोरुग्णालयाची मुख्य इमारत २०१५ मध्ये पाडली गेली. मॅसॅच्युसेट्समधील डॅनव्हर्सच्या मनोरुग्णालयाचा बराचसा भाग पाडून तेथे सदनिका झाल्या. बफेलोत वास्तुकार रिचर्डसन यांनी रचलेल्या मनोरुग्णालयाच्या भव्य इमारतीत २०१७ साली हॉटेल निघाले. अशा नव्या वापराला माझी हरकत नाही. वास्तू माणसांच्या कामी आली, एवढे पुरे. पण वेस्टनची इमारत २००७ मध्ये लिलावात खाजगी मालकाकडे गेली आणि तेथे इतिहासाच्या जोडीला रात्री भुते शोधण्याच्या फेऱ्याही तिकीट लावून चालतात. ज्या रुग्णांना जिवंतपणी पुरेशी जागाही मिळाली नाही, त्यांची मेल्यावर भुते करून पैसे मिळवणे मला हीन वाटते. आणि निव्वळ भयाच्या भरवशावर काढलेली पुष्कळशी छायाचित्रे त्याच धंद्याची फुकट जाहिरात करीत असतात.