दुःखिताच्या दारी मराठी ख्रिस्ती लेखणी

१३२१च्या एप्रिलमध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू मारले गेले. त्यांच्याबरोबर आलेला जॉर्डनस हा डॉमिनिकन त्या वेळी ठाण्याबाहेर होता. त्याने परत येऊन सोबत्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. पुढे ठाण्याहून त्याने युरोपातल्या आपल्या बांधवांना पत्र धाडलं. अंगावरचं वस्त्र गेलं, तुरुंग झाला, भूक, तहान, आजार, शिव्याशाप सोसले आणि आता एकटा उरलो, तेव्हा कोणीतरी या, असा त्या लॅटिन पत्राचा आशय आहे.

ख्रिस्ती परंपरेत सांत्वनाचं लेखन बहुधा अशा माणसांच्या हातून झालं. पौलाने काही पत्रं तुरुंगातून लिहिली. करिंथकरांना लिहिताना तो सांगतो की, आपल्याला देवाकडून जो धीर मिळाला, तोच आपण दुसऱ्याला द्यायचा. मराठीतलं असं लेखन वाचताना हीच कसोटी मला खरी वाटते.

फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातल्या राशोल इथे छापलं गेलं. जुनी पुराणं सुटलेल्या नवख्रिस्ती लोकांना वाचायला काहीतरी हवं होतं. स्टीफन्सनी ते ओवीत दिलं, त्यांच्या कानाला सवय होती त्याच चालीत. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेवरच बंदी घातली. दुःखात माणूस मातृभाषेतच रडतो, हे त्या सत्तेला कळलं नाही.

बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ची. यमुना नवऱ्याबरोबर गावोगाव फिरते, विधवांच्या कहाण्या ऐकते आणि पुढे तिच्यावरही वैधव्य येतं. कादंबरी म्हणून ती उपदेशाने जड झाली आहे, हे मान्य करावं लागेल. पण केशवपन झालेल्या बाईला ‘तुझं काय झालं?’ असं विचारून तिला बोलू देणारं दुसरं मराठी पुस्तक त्या काळी कुठे होतं?

आता कल्याणकडे वळतो. नारायण वामन टिळक १८६९ ते १८७३ या काळात कल्याणच्या शाळेत शिकले. आई गेली, घर सुटलं आणि पोर नाशिकला गेलं. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यांच्या अभंगांत आणि भजनांत ते स्पष्ट ऐकू येतं. कल्याण-डोंबिवलीत आज मराठी ख्रिस्ती घरात माणूस गेला की संध्याकाळी मंडळीतले लोक जमतात. कोणी पेटी काढतं आणि ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक हातोहात फिरतं. म्हाताऱ्या बायका पुस्तक उघडतही नाहीत, टिळकांची गीतं त्यांना पाठ असतात. ज्या घरात बोलायला कोणाकडे शब्द नसतात, तिथे ही गीतं तासभर माणसांना एकत्र धरून ठेवतात. माझ्या मते टिळकांचं सर्वात मोठं काम हेच.

पण त्या बाप्तिस्म्याची किंमत टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मोजली. नवरा धर्मांतर करून गेला आणि पदरी लहान मुलगा दत्तू. ताटातूट जवळजवळ पाच वर्षं चालली. पुढे राहुरीला नवऱ्याजवळ राहू लागल्यावरही त्या आपलं पाणी आणि आपला स्वयंपाक वेगळा ठेवत. मग एके दिवशी त्यांच्या मनाने घेतलं, की माणसामाणसांतला हा भेद देवाने केलेला नाही. १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. दुष्काळातली अनाथ मुलं त्यांनी घरात घेतली, प्लेगच्या छावणीत शुश्रूषा केली. हे सगळं त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे आणि त्यात प्रवचनाचा एक परिच्छेदही जड होत नाही. रडवून लगेच हसवणारी ही बाई कोणाला धीर द्यायला बसलेली नाही. तरी टाकलेल्या, हरलेल्या, घर मोडलेल्या माणसाच्या हाती द्यावं असं मराठीतलं पहिलं पुस्तक मी हेच धरतो.

पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले, मग भाऊ, मग नवरा. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी दुष्काळातून वाचलेल्या मुलींना खिळे जुळवायला, छापायला शिकवलं. अल्पशिक्षित बाईलाही कळेल अशा मराठीत बायबल हवं, म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या. त्यांचं बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं, त्याच बायकांच्या हातांनी छापलेलं.

वसई २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होती, म्हणून तिथले फादर फ्रान्सिस दिब्रिटो आम्हा ठाणे जिल्ह्यातल्यांचेच. ‘सुवार्ता’ मासिक त्यांनी चर्चच्या अंगणाबाहेरच्या वाचकापर्यंत नेलं. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. २०२० मध्ये ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि २५ जुलै २०२४ला आपल्यातून गेले.

या परंपरेतलं पुष्कळ लेखन मात्र कोरडं आहे. ‘देवाची इच्छा’ म्हणून दोन ओळींत मोकळं होणारी पत्रकं मी ढिगाने वाचली आहेत. बायबलमध्येच त्याला उत्तर आहे. दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर सारं ठीक होतं. मग दुःखाचं कारण समजावून सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि शेवटी देवाचा कोप ओढवून घेतला. स्तोत्रसंहितेत आणि विलापगीतांत तर भक्त देवालाच जाब विचारतो. ही मुभा आपल्या पाळकांनी आणि लेखकांनी फार कमी वापरली.

कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. वाचकांनी तिथे जाऊन ‘स्मृतिचित्रे’ मागावं, धर्म कुठलाही असो. आणि हा दिवाळी अंक हाती असताना आपल्याच इमारतीत एखादं घर असेल, जिथे यंदा दिवाळी नाही. फराळाचं ताट नेऊन द्याल तेव्हा सोबत गेलेल्या माणसाची एखादी आठवण चार ओळींत लिहून ठेवा. कारण सांगू नका, उपदेश करू नका, पण लिहा.