चुरशीतून शिक्षण : ऊसशेतीला कितपत उपयोगी?



शेतकरी मेळाव्यात सांगितलेले पटते, पण घरी आल्यावर हातून होत नाही. माहितीपत्रक कोनाड्यात पडून राहते. तोच माणूस कुस्तीच्या फडात मात्र तहानभूक विसरतो. तिथे नियम सर्वांना ठाऊक असतात, निकाल डोळ्यांसमोर लागतो आणि गावाचे नाव पणाला लागलेले असते. ह्याच गोष्टी शिक्षणात आणल्या तर शिकणाऱ्याला हुरूप येतो.

शेजारच्या सातारा जिल्ह्यातला दाखला घ्या. पाणी फाउंडेशनने २०१६ साली कोरेगाव, वरुड आणि अंबाजोगाई या ३ तालुक्यांत ‘सत्यमेव जयते वॉटर कप’ स्पर्धा घेतली. आधी गावच्या निवडक माणसांना पाणलोटाचे प्रशिक्षण, मग ४५ दिवस साऱ्या गावाचे काम आणि त्या कामाला गुण. कोरेगाव तालुक्यातील वेळू गावाने ५० लाखांचे पहिले बक्षीस पटकावले. २०१८ मध्ये स्पर्धा ७५ तालुक्यांत पोचली. बक्षीस मोजक्याच गावांना मिळाले. पण ज्याने चर नीट खोदले, त्याच्या शिवारात हरूनही पाणी मुरले. स्पर्धेची खरी कमाई ती. पुढे २०२२ पासून याच संस्थेने गटशेतीसाठी ‘फार्मर कप’ सुरू केला.

आता आपल्या बारामती-इंदापूरचे पाहू. चुरस आपल्यालाही नवी नाही. पण नुसत्या एकरी टनेजवर नंबर काढला, तर माणूस पाणी आणि युरिया वाढवीत सुटतो. नीरा डाव्या कालव्याखाली जादा पाण्याने जमिनी क्षारपड झाल्या, हे आपण डोळ्यांनी पाहतो. अशी शर्यत जिंकून रान गमावले तर काय उपयोग? म्हणून गुण टनेजबरोबरच शिकलेल्या कामाला द्यावेत. उदाहरणार्थ :

१) लागणीपूर्वी माती परीक्षण करून त्याप्रमाणे खताचा हप्ता देणे.
२) ९ ते ११ महिन्यांचे निरोगी बेणे घेऊन बेणेप्रक्रिया करणे.
३) खोडव्यात पाचट न जाळता आच्छादन करणे.
४) पाण्याच्या पाळ्या आणि खर्च वहीत टिपणे.

गुण एकट्याला न देता गटाला द्यावेत. म्हणजे पुढचा मागच्याला हात देतो. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की वाण नाही पण गुण लागतो, तसेच हे. तपासणी दुसऱ्या गटाने करावी आणि गुणांचा तक्ता चावडीवर लावावा. अर्धा एकरवाला दहा एकरवाल्याशी तोलू नये. प्रत्येकाची तुलना त्याच्याच मागील सालाशी व्हावी. शाळेतही हेच धोरण ठेवावे. कायम शेवटचा नंबर येणारे पोर खेळातूनच उठून जाते.

बक्षीस फार मोठे नको. बक्षीस बंद झाले तरी सवय टिकली, तर शिक्षण झाले म्हणायचे. आडसाली लागणीपूर्वी दहा-बारा सभासदांनी एकत्र बसून आपल्या गटाचा तक्ता ठरवावा आणि कामाला लागावे.