‘हजार भरा, हजार बोनस’. पण काढायला आधी ३० हजारांच्या पैजा!

उरण : न्हावा शेवा असो की शेजारचं गाव, मोबाईलवर ऑनलाईन कॅसिनोचा ‘हजार भरा, हजार बोनस’ मेसेज आला तर आधी खालची बारीक अक्षरं वाचा. बोनस खात्यात दिसतो, पण लगेच काढता येत नाही. तिथे ‘वेजरिंग ३० एक्स’ लिहिलेलं असतं. म्हणजे बोनसच्या तीसपट, ३० हजारांच्या पैजा आधी लावायच्या. काही जण भरलेली रक्कमही धरतात. मग झाले ६० हजार.

आता हिशेब बघा. स्लॉटमध्ये चालवणारा शंभराला सरासरी चार रुपये ठेवून घेत असेल, तर ३० हजारांत १,२०० रुपये गेले. बोनस किती, तर हजार! पत्त्यांच्या खेळातली पैज बऱ्याचदा दहा टक्केच मोजतात, तिथे हीच अट तीन लाखांवर जाते. वर मुदत सात दिवसांची. ती हुकली की बोनस आणि त्यावर जिंकलेलंही गेलं. पगार असो की जमिनीचा मोबदला, असाच झिरपतो.

मुळात पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं मंजूर केलेल्या कायद्यानं बंदी आहे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. खेळणाऱ्याला या केंद्रीय कायद्यात शिक्षा नाही, त्यामुळे फसलेल्यानं गप्प बसू नये.

‘जिंकलेले काढायला आधी टॅक्स भरा’ म्हणाले तर एक रुपयाही पाठवू नका. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा, व्यवहाराचे स्क्रीनशॉट जपून ठेवा.